पाहावयाचीं गाणीं

आज मी ज्या वस्तूविषयीं बोलणार आहें, ती माझ्यापुढें मेजावर ठेविलेली आहे. तुम्हांस ती दिसत नाहीं, आणि तें एका परीनें योग्यच आहे. कारण ऐकणें आणि पाहणें या दोहोंमधील जुना तंटा हाच माझ्या बोलण्याचा विषय आहे. ही वस्तु म्हणजे एक व्हिडिओ कॅसेट. काळ्या प्लॅस्टिकची, बेताच्या जाडीच्या पुस्तकाएवढी. 'क्वीन' नांवाच्या इंग्लिश रॉक बँडनें आपल्या गाण्यांच्या चित्रफितींचा दुसरा संग्रह ऑक्टोबर १९९१ मध्यें 'ग्रेटेस्ट फ्लिक्स टू' या नांवानें काढला, तो हा.

गेल्या दिवाळीच्या आधीं कपाट आवरतांना ती हातीं लागली. भाचा शेजारीं उभा होता. तो म्हणाला, "मामा, हीं सगळीं गाणीं फोनवर आहेत. ही कशाला जपून ठेवलीत?" मला लगेच उत्तर सुचलें नाहीं. त्याचें म्हणणें खरें होतें. कॅसेट लावावयाचें यंत्र आमच्या घरांतून कधींच गेलें होतें. आणि तशीं यंत्रें करणारी जगांतील शेवटची, जपानमधील फुनाई कंपनी, हिनेंहि जुलै २०१६ मध्यें तें काम थांबविलें. कुलूप शाबूत आहे, परंतु किल्ली करणारा उरला नाहीं, अशी या वस्तूची अवस्था. मग हिच्यांत असें काय आहे, कीं जें फोनवर नाहीं? भाच्याला द्यावयाचें तें उत्तर मी आज तुमच्यापुढें मांडतों.

मी लहानपणापासून कानांचा पक्षपाती. आमच्या घरीं रेडिओ आधीं आला, टेलिव्हिजन फार मागाहून. माझें मत असें होतें, कीं ज्या गाण्याबरोबर चित्र येत नाहीं, त्या गाण्याला जितके श्रोते तितकीं चित्रें असतात. एकाला त्यांत आपलें गांव दिसतें, दुसऱ्याला एखादा विसरलेला चेहरा. चित्र पुढें आलें, कीं हीं सारीं चित्रें पुसलीं जातात आणि दिग्दर्शकानें दिलेलें एकच सर्वांच्या वांट्यास येतें. शिवाय गाण्याच्या चित्रफिती म्हणजे ध्वनिमुद्रिका खपविण्याची जाहिरात, असा माझा दुसरा आक्षेप. हे दोन्ही आक्षेप मी अजून सर्वस्वीं सोडलेले नाहींत. परंतु त्यांवर विसंबून दिलेला निकाल मात्र मला बदलावा लागला.

हा प्रकार लोकप्रिय कसा झाला, तें पाहण्यासारखें आहे. गाण्याला चित्राची जोड देण्याचे प्रयत्न पूर्वींहि झाले होते. पण ज्या एका चित्रफितीनें साऱ्या धंद्याचें लक्ष वेधलें, ती 'क्वीन'चीच. १९७५ च्या अखेरीस त्यांचें 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हें गाणें निघालें. जवळजवळ सहा मिनिटांचें, आणि मधला भाग ऑपेराच्या धर्तीवरचा. फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनींच आपले आवाज एकावर एक असे पुनःपुन्हां मुद्रित करून मोठ्या गायकवृंदाचा भास उत्पन्न केला होता. बी. बी. सी. च्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमांत तें दाखवावयाचें, तर मंडळी दौऱ्यावर निघालेली. आणि स्टुडिओंत हजर राहिलीं असतीं, तरी तिघांच्या ओठांवर एवढा मोठा गायकवृंद बसवावा कसा? यावर उपाय म्हणून एल्स्ट्री येथें, जेथें दौऱ्याची तालीम चालली होती तेथेंच, ब्रूस गॉवर्स यांच्या दिग्दर्शनाखालीं गाण्याचें चित्रण झालें. लागले सुमारें चार तास, आणि खर्च आला सुमारें साडेचार हजार पौंड.

त्यांतील चमत्कार अगदीं साधे आहेत. एका चेहऱ्याचे अनेक चेहरे होतात, ते भिंगापुढें पैलूदार कांच धरून. एक मुख मागें मागें सरत अनंत मुखें होत जातें, तें कॅमेरा त्याचेंच चित्र दाखविणाऱ्या पडद्याकडे वळवून. समोरासमोर दोन आरसे ठेविले असतां जें होतें, तेंच येथें होतें. अंधारांतून वर पाहणारे ते चार प्रसिद्ध चेहरे मिक रॉक या छायाचित्रकारानें १९७४ मध्यें त्यांच्याच एका ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनासाठीं टिपले होते, आणि त्या छायाचित्राचें मूळ होतें मार्लेन डीट्रिच या नटीच्या एका जुन्या चित्रांत. गाणें ब्रिटनमध्यें नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें. येथें एवढेंच ध्यानांत ठेवावयाचें, कीं या साऱ्याचा मूळ हेतु कलेचा नव्हता. ती गैरहजेरीची सोय होती. गायक जेथें जाऊं शकत नाहीं, तेथें त्याची प्रतिमा पाठवावयाची.

ऑक्टोबर १९८१ मध्यें या बँडनें तीन वस्तु एकाच वेळीं बाजारांत आणल्या: निवडक गाण्यांची ध्वनिमुद्रिका, छायाचित्रांचें पुस्तक आणि 'ग्रेटेस्ट फ्लिक्स' ही चित्रफितींची कॅसेट. एखाद्या बँडच्या चित्रफिती असा संग्रह करून घरगुती उपयोगासाठीं विकण्याच्या अगदीं आरंभींच्या प्रयत्नांपैकीं हा एक. घरीं वापरावयाचीं कॅसेटचीं व्हिडिओ यंत्रें येऊन तेव्हां पुरतीं दहा वर्षेंहि झालीं नव्हतीं. टेलिव्हिजनवर गाणें लागलें तर पाहावयाचें, हुकलें तर हळहळावयाचें, असा आतांपर्यंतचा रिवाज. आतां तें गाणें घरच्या फळीवर येऊन बसलें. मनांत येईल तेव्हां लावावें, मागें न्यावें, एका जागीं थांबवावें. जें क्षणभर दिसून जात होतें, तें मालकीचें झालें.

त्या पहिल्या संग्रहांतील सर्वच चित्रफिती उत्तम आहेत असें नाहीं. कांहीं तर मैफलीपुढें कॅमेरा ठेवून केलेलें साधें चित्रण आहे. परंतु कांहीं चित्रें मनांतून जात नाहींत. 'वुई विल रॉक यू' हें गाणें पुढें जगभरच्या क्रीडांगणांवर दुमदुमलें. त्याची चित्रफीत मात्र जानेवारी १९७८ मध्यें रॉजर टेलर यांच्या घरामागील बागेंत घेतलेली आहे. जमिनीवर बर्फ, झाडें निष्पर्ण, आणि कडाक्याच्या थंडींत चौघे तरुण आपआपलीं वाद्यें घेऊन उभे. आवाज सेनेचा, आणि देखावा परसांतला. ही विसंगति कानांना कधींच कळली नसती. माझ्या मताला पहिला तडा येथें गेला.

दुसऱ्या संग्रहांत, म्हणजे माझ्यापुढील या कॅसेटमध्यें, १९८१ ते १९९१ या दहा वर्षांतील गाणीं आहेत. 'अंडर प्रेशर' मध्यें तर गाणारे दिसतच नाहींत. 'क्वीन' आणि डेव्हिड बोवी हे दोघेहि चित्रणास मोकळे नव्हते, म्हणून डेव्हिड मॅलेट यांनीं कोसळणाऱ्या इमारती, गर्दी आणि जुन्या मूकपटांचे तुकडे जोडून तें गाणें उभें केलें. पुन्हां गैरहजेरीचीच सोय!

'रेडिओ गा गा' हें १९८४ चें गाणें आपणां रेडिओच्या श्रोत्यांस विशेष जवळचें वाटावें. टेलर यांनीं त्यांत रेडिओच्या ओसरत्या वैभवाबद्दल खंत व्यक्त केली आहे, आणि ती खंत जगभर पोंचली ती चित्रांच्या पाठीवर बसून! फ्रिट्झ लांग यांच्या १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या मूकपटांतील दृश्यें त्यांत गुंफलीं आहेत, आणि शेंकडों माणसें हात उंचावून एका तालांत टाळ्या वाजवितांना दिसतात. पुढें १३ जुलै १९८५ रोजीं लंडनच्या वेंब्ली मैदानावर 'लाइव्ह एड'चा जलसा झाला, तेव्हां सुमारें बहात्तर हजार श्रोत्यांनीं कोणीहि न शिकवितां अगदीं त्याच टाळ्या वाजविल्या. चित्रफितींत पाहिलेलें त्यांच्या हातांत उतरलें होतें. येथें माझ्या मताला दुसरा तडा गेला. चित्र सर्वांना एकच मिळतें हें खरें, परंतु त्या एकपणांतूनच अनोळखी माणसांचा मेळाहि जमतो.

त्याच वर्षींच्या 'आय वाँट टू ब्रेक फ्री' मध्यें चौघांनींहि बायकांचा वेष घेऊन एका इंग्लिश कौटुंबिक मालिकेची थट्टा केली. इंग्लंड हसलें, अमेरिकेला मात्र तें रुचलें नाहीं. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रांत त्यांत दचकण्यासारखें कांहीं नव्हतें.

महाराष्ट्राचें नांव निघालें, तें अगदींच अस्थानीं नाहीं. व्हॅक्यूम क्लीनर फिरविणारा तो मिशाळ गायक म्हणजे मूळचा फारोख बुलसारा. झांझिबार येथें ५ सप्टेंबर १९४६ रोजीं एका पारशी कुटुंबांत जन्मलेल्या या मुलाचें शालेय जीवन बव्हंशीं पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहांत गेलें. तेथेंच १९५८ च्या सुमारास शाळासोबत्यांच्या 'हेक्टिक्स' नांवाच्या बँडमध्यें तो पियानो वाजवीत असे. ज्या डोंगरपठारावर आपण उन्हाळ्यांत स्ट्रॉबेरी खावयास जातों, तेथें त्याचे हात प्रथम श्रोत्यांसमोर चालले. १९६४ मध्यें कुटुंब इंग्लंडला गेलें, आणि पुढें त्याचा फ्रेडी मर्क्युरी झाला.

आतां या कॅसेटची घरची गोष्ट सांगतों. १९९२ च्या डिसेंबरांत माझ्या मावसभावानें ती लंडनहून आणली. ब्रिटनची आणि आपली चित्रपद्धति एकच असल्यामुळें ती आमच्या यंत्रावर विनासायास लागली. अमेरिकेहून आणलेल्या कॅसेटी तशा लागत नसत. मर्क्युरी जाऊन तेव्हां वर्ष झालें होतें. २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, एड्सच्या विकारानें त्याचें निधन झालें. आदल्या दिवसापर्यंत त्यानें आपला आजार जाहीर केला नव्हता, आणि हा संग्रह निघाल्यास तर तेव्हां महिनाहि झाला नव्हता. हें सारें मला ठाऊक होतें. माझ्या आईला त्यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. तिला इंग्रजी येत नसे, आणि या संगीताला ती 'तुमचा धुडगूस' म्हणत असे.

ती तांदूळ निवडीत बसली होती. 'आय अॅम गोइंग स्लाइटली मॅड' हें गाणें लागलें. काळ्या-पांढऱ्या रंगांतली चित्रफीत. त्यांत मर्क्युरी चेहऱ्याला पांढरा रंग फांसून, डोक्यावर विस्कटलेल्या केसांचा टोप चढवून, विनोदी चाळे करतो. आम्ही भावंडें हसत होतों. आईनें मात्र सूप खालीं ठेविलें आणि विचारलें, "अरे, ह्या मुलाला बरं नव्हतं का रे?"

मी चकित झालों. आम्हीं तो आवाज शेंकडों वेळां ऐकला होता, आणि त्या आवाजांत दुखण्याची खूण कोठेंहि नव्हती. १९९१ चा त्याचा स्वर १९८१ च्या स्वरापेक्षां रेसभरहि उणा नाहीं. कान पुरते फसले होते. आईच्या डोळ्यांनीं मात्र टोप, रंग आणि विनोद यांच्या आडचें वाळलेलें शरीर पाहिलें. आजाऱ्यांच्या उशाशीं रात्री काढलेल्या डोळ्यांना तें ओळखावयास भाषा लागली नाहीं.

मीं तिला हकीगत सांगितली. नंतर 'द शो मस्ट गो ऑन' लागलें. त्या चित्रफितीसाठीं उभें राहण्याची शक्ति मर्क्युरीला उरली नव्हती, म्हणून मागील दहा वर्षांतल्या चित्रांचे तुकडे जोडून ती केलेली आहे. आजारी माणसाचा आवाज, आणि धडधाकट माणसाचें चित्र. आईनें तें गाणें मला मागें न्यावयास लावून पुन्हां पाहिलें. पुढें कित्येक वर्षें, कोणी घरीं नसलें म्हणजे ती म्हणे, "त्या पोराचं लाव." शब्द तिला अखेरपर्यंत कळले नाहींत.

श्रोतेहो, दौऱ्यावर गेलेल्या गायकाची गैरहजेरी भरून काढण्यासाठीं निघालेली ही युक्ति शेवटीं कोणत्या गैरहजेरीला उपयोगी पडली, हें तुमच्या ध्यानांत आलें असेल. चित्र गाण्याचें स्वातंत्र्य हिरावून घेतें, हें मी आजहि म्हणेन. हकीगत कळल्यापासून तें गाणें मला त्या चेहऱ्यावांचून ऐकूं येत नाहीं. हा माझा तोटा आहे. पण कानाला जें लपवितां येतें, तें डोळ्यापासून लपत नाहीं, आणि एका परक्या माणसाचें दुःख आमच्या घरांत आलें तें डोळ्यांच्याच वाटेनें. म्हणून मी एवढेंच सुचवितों, कीं नवें गाणें आधीं डोळे मिटून ऐकावें. आपलें चित्र आपण काढावें. मग दुसऱ्याचें पाहावें.

आणि भाच्याला द्यावयाचें उत्तर? लग्नाच्या जुन्या कॅसेटी उतरवून देणाऱ्या एका दुकानांत मीं ही नेली. दुकानदारानें ती आपल्या यंत्रावर लावली. चित्र बरें होतें. परंतु 'द शो मस्ट गो ऑन' येतांच पडद्यावर पांढऱ्या रेघांचा पाऊस सुरू झाला. फीत पुनःपुन्हां मागें नेल्यानें तेवढीच जागा झिजली होती. दुकानदार म्हणाला, "हें खराब झालंय. फोनवर स्वच्छ मिळेल." मिळेलच. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची जुनी चित्रफीत तर इंटरनेटवर जुलै २०१९ पर्यंत शंभर कोटी वेळां पाहिली गेली आहे, आणि तिच्यावर एकहि रेघ उमटलेली नाहीं. तेथें कितीहि पाहिलें तरी कांहीं झिजत नाहीं, आणि म्हणून पाहणाराची खूणहि राहत नाहीं.

माझ्या कॅसेटवर ती राहिली आहे. भाच्याला मीं ती रेघांची जागा दाखविली आणि म्हटलें, "एवढं फोनवर नाहीं. ही तुझी आजी आहे." त्यानें कॅसेट माझ्या हातून घेतली, फडक्यानें पुसली आणि स्वतःच कपाटांत ठेविली.