हिरव्या व्हीलची दुसरी गोष्ट

सातपूर-अंबडच्या टूलरूममध्ये हयात घालवलेली बरीच मंडळी आज या गोदाघाटावर समोर बसली आहेत. कार्बाइडच्या टूलला धार लावायची तर ग्राइंडरवर हिरवं व्हील चढवायचं, हे त्यांना मी सांगायला नको. ते हिरवं व्हील म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांच्या विजेच्या भट्टीत ते गवसलं आणि त्यांनी त्याला कार्बोरंडम हे नाव दिलं. शंभराहून जास्त वर्षं आपण त्याने धातू घासला. आज त्याच पदार्थाच्या पातळ चकत्यांसाठी जगातल्या बलाढ्य कंपन्या झुंजताहेत.

ही झुंज आपल्यापासून किती लांब आहे? मायको सर्कलइतकी. मायकोची बॉश झाली, तरी चौकाचं नाव आपण बदललेलं नाही. त्या कंपनीच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर घडतात. इंधन नेमक्या क्षणी, नेमकं मोजून सोडायचं, हे इंजेक्टरचं काम. विजेच्या गाडीत तेच काम इन्व्हर्टरकडे जातं. बॅटरीची वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून तो मोटरला हवी तशी देतो. ही तोडजोड करणारी सिलिकॉन कार्बाइडची चिप त्याच बॉशने डिसेंबर २०२१ पासून जर्मनीत रॉयटलिंगेनला मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतली. तिच्यामुळे गाडीचा पल्ला सहा टक्क्यांपर्यंत वाढतो, असं कंपनी सांगते. नाशिकने ही बातमी पुरेशी मनावर घेतली नाही, याची मला खंत आहे.

सिलिकॉन कार्बाइड साध्या सिलिकॉनच्या जवळपास दहापट विद्युतक्षेत्र सोसतं आणि उष्णता सुमारे तिप्पट वेगाने बाहेर टाकतं. म्हणून चिप लहान होते, वीज कमी वाया जाते. टेस्लाने मॉडेल ३ मध्ये ती वापरली. २०२० पासून जपानची एन७००एस शिंकान्सेन तिच्यावर धावते. सोलर इन्व्हर्टर आणि वेगवान चार्जर यांतही ती आहेच.

पण खरी चुरस चिपच्या आधीची, स्फटिकाची. सिलिकॉन वितळतं, त्यातून माणसाएवढा स्फटिक एक-दोन दिवसांत ओढून काढता येतो. सिलिकॉन कार्बाइड साध्या दाबाखाली वितळतच नाही. दोन हजार अंशांच्या वर त्याची थेट वाफ होते आणि ती वाफ बीज-स्फटिकावर जमू द्यावी लागते, तासाला मिलिमीटरहूनही कमी. आठवडाभर भट्टी पेटती ठेवावी तेव्हा हाती काही सेंटिमीटर येतात. भट्टीत डोकावता येत नाही. तापमान जरा ढळलं की अणूंची रचना बदलते आणि सगळा गोळा वाया जातो. निघालाच नीट, तर कापायला हिऱ्याची तार लागते, कारण हे तेच हिरवं व्हील!

या कलेत अमेरिकेची वुल्फस्पीड आघाडीवर होती. १९८७ मध्ये क्री या नावाने ती सुरू झाली. मोठ्या चकत्यांसाठी तिने प्रचंड कर्ज काढलं. तेवढ्यात विजेच्या गाड्यांची मागणी अपेक्षेइतकी वाढली नाही आणि चिनी कंपन्यांनी चकत्यांचे भाव पाडले. जून २०२५ मध्ये वुल्फस्पीडला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. जपानच्या रेनेसासने तिच्याकडे चकत्यांसाठी दोन अब्ज डॉलर आगाऊ ठेवले होते. ही रेनेसास म्हणजे साणंदच्या चिप-पॅकेजिंग प्रकल्पात सीजी पॉवरची भागीदार. आणि सीजी पॉवर म्हणजे आपल्या अंबडची जुनी क्रॉम्प्टन.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ओडिशात, भुवनेश्वरच्या इन्फो व्हॅलीत, वर्षाला साठ हजार चकत्यांचा सिकसेमचा प्रकल्प मंजूर केला. मला त्याचा आनंद आहे. तरी नाशिकने स्फटिकाच्या भट्टीमागे धावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भाव पडले, यात विकणाऱ्याचं मरण आहे, पण वापरणाऱ्याची संधी आहे. चिपभोवती बसबार लागतो, इन्सुलेशन लागतं, उष्णता वाहून नेणारा ठोकळा लागतो. स्विचगिअर बनवणाऱ्या या शहराला हे परकं नाही.

आणखी एक. ही चिप इतक्या झटक्यात वीज तोडते-जोडते की मोटरच्या वाइंडिंगवर, विशेषतः पहिल्या काही वेढ्यांवर, जबर ताण येतो आणि त्यांचं इन्सुलेशन लवकर थकतं. एकलहऱ्याला रेल्वेची ट्रॅक्शन मशीन कार्यशाळा आहे. इंजिनांच्या मोटरी तिथे दुरुस्तीला येतात. वाइंडिंग नेमकं कुठून जळतं, हे तिथल्या कारागिरांनी हाताने चाचपून पाहिलेलं असतं. इन्व्हर्टरचा आराखडा काढणाऱ्या आपल्या तरुण इंजिनिअरांनी आधी त्यांच्याशेजारी जाऊन बसावं.