पिशवी घेऊन या

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण)



घरातल्या औषधांची पिशवी घेऊन या, असं नोटीस बोर्डावर लिहिलं होतं. बऱ्याच जणांनी आणलीय, काहींनी तर दोन-दोन. त्या नंतर बघू, आधी थोडं बोलते.

मी ३४ वर्षं नर्सची नोकरी केली. ट्रेनिंगला आमच्याकडून घोकून घेतलं होतं : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. लेबल तीनदा वाचायचं : बाटली कपाटातून काढताना, औषध भरताना आणि बाटली परत ठेवताना. आम्हाला तेव्हा हसू यायचं.

नोकरीचं दुसरं वर्ष. नाइट ड्यूटी संपत आली होती. वॉर्डात एकाच आडनावाचे दोन पेशंट, शेजारशेजारच्या खाटांवर. नाश्त्याआधीचं इन्सुलिन घेऊन गेले, आडनावाने हाक मारली. एकाने झोपेतच ‘हो’ म्हटलं. मी इंजेक्शन दिलं. केसपेपरवर लिहायला बसले तेव्हा कळलं, याला डायबेटिस नव्हताच.

खरं सांगते, दोन-तीन मिनिटं मी ड्रेसिंग रूममध्ये नुसती उभी होते. कोणाला कळणार नाही, हेही मनात येऊन गेलं. मग धावत जाऊन इन्चार्ज सिस्टरना सांगितलं. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत, आधी डॉक्टरांना बोलावलं. साखरेचं पाणी, मग ग्लुकोजची सलाईन, दर थोड्या वेळाने शुगर तपासणं. पेशंटला दरदरून घाम फुटला होता, पण तो सावरला, चालत घरी गेला. मला मेमो मिळाला. तो अजून कपाटात आहे. आज पहिल्यांदाच चारचौघांत सांगतेय.

तिथे निदान इन्चार्ज होत्या, डॉक्टर होते. घरी कोण असतं? आपल्याच बिल्डिंगमधली गोष्ट. एक काकू रोज काकांना २० युनिट इन्सुलिन देतात. मुलगी अमेरिकेहून आली, तिने येताना बाटल्या आणल्या. औषधाचं नाव तेच. काकू बाटली घेऊन माझ्याकडे आल्या, ‘सिस्टर, ही बाटली जरा वेगळी दिसते, चालेल ना?’

आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बाटलीत बहुधा एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट असतात. तिकडच्या बाटलीत १०० होते. काकूंची सिरिंज लाल टोपणाची, म्हणजे ४० च्या बाटलीसाठीची. त्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलीटर. नव्या बाटलीतून तेवढंच भरलं असतं, तर काकांच्या अंगात २० ऐवजी ५० युनिट गेले असते! १०० वाल्या सिरिंजला केशरी टोपण असतं. उलट गफलत झाली, केशरी सिरिंजमध्ये ४० ची बाटली, तर २० च्या रेघेला जेमतेम ८ युनिट जातात आणि शुगर का उतरत नाही म्हणून आपण डॉक्टर बदलत बसतो.

काकूंनी विचारलं, म्हणून त्या दिवशी काही झालं नाही. त्यांना मात्र उगीच त्रास दिला असं वाटत होतं. दोनदा सॉरी म्हणाल्या!

शुगर उतरली की घाम, थरथर, धडधड, कधी असंबद्ध बडबड. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

नातवंडं असलेल्यांसाठी : तापाच्या औषधाचे थेंब सिरपपेक्षा बरेच तीव्र असतात. थेंबांची बाटली संपली म्हणून सिरप आणलं, किंवा उलट, तर मात्रा डॉक्टरांना नव्याने विचारा. मापासाठी बाटलीसोबत आलेलं झाकण किंवा ड्रॉपर घ्या, घरातला चमचा नको. आणि आमवाताची मेथोट्रेक्सेटची गोळी कुणाकडे असेल तर ती आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. वार ठरवा, पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

बरं, आता पिशव्या. पट्टीवरचं नाव आणि तारीख फाटलेल्या गोळ्या आधी बाजूला काढा. पहिल्या रांगेपासून सुरुवात करू. तेवढं कुणीतरी वरची ट्यूबलाइट लावा, मी चष्मा शोधते.