चिकपेटेतील एक वाचक आणि तिच्या कादंबऱ्या

(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेले व्याख्यान)



आवडलेल्या कादंबऱ्यांविषयी विचारले असता बहुतेक वाचक प्रथम कथानक सांगू लागतात आणि अर्ध्यातच अडखळतात. नायकाच्या थोरल्या भावाचे नाव आठवत नाही, खटला कोणी जिंकला हे आठवत नाही. मात्र एखादा उंबरठा किंवा एखाद्या बाईचे पाठमोरे उभे राहणे चाळीस वर्षांनंतरही जसेच्या तसे डोळ्यांपुढे येते. असे का होते, याचा विचार या शाळेच्या पहिल्या काही तुकड्यांतील एका विद्यार्थिनीच्या वाचनाच्या आधारे करता येईल. त्या आज आजी झाल्या आहेत. त्यांच्या इच्छेवरून येथे त्यांचे नाव घेतलेले नाही.

वडील चिकपेटेतील एका रेशमी साड्यांच्या दुकानात जमाखर्च लिहीत. घर दुकानांच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचे. घरात मराठी, दारात कन्नड, दुकानात या दोहोंच्या जोडीला तेलुगू, तमिळ आणि मारवाडी. मराठी पुस्तक हाती पडणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. कोल्हापूर-सोलापूरकडून येणाऱ्या नातेवाइकांच्या ट्रंकेतून, नाहीतर अव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एखादी कादंबरी निघे. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिला कव्हर घातले जाई आणि मग ती चार घरे फिरून, कोपरे दुमडून परत येई.

अशाच एका ढिगात हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ सापडली. ही कादंबरी 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू नावाची मुलगी स्वतःची कहाणी स्वतःच सांगते, हे त्या काळी नवलाचे होते. आठवीतली ही नात रोज रात्री आजीला एकेक प्रकरण वाचून दाखवी. आजीला अक्षरओळख नव्हती. तिला बाराव्या-तेराव्या वर्षी वैधव्य आले असते तर काय झाले असते, हे ती पुरते जाणून होती, कारण तिच्या धाकट्या बहिणीला ते आले होते. यमूच्या माहेरच्या गमतीजमतींवर आजी खळखळून हसे. पती गेल्यानंतर यमूचे केशवपन बळजबरीने केले जाते, त्या भागापाशी वाचन आले, तेव्हा आजीने हात वर केला. “पुढचं आज नको वाचूस,” एवढेच ती म्हणाली आणि दिवा मालवायला उठली. पुढचे तीन दिवस पुस्तक फडताळात राहिले. चौथ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता तिनेच विचारले, “यमूचं पुढं काय झालं गं?”

बहिणीची हकीकत आजीने त्यानंतर सांगितली. घरातल्या कोणालाच ती ठाऊक नव्हती. कादंबरी वाचली गेली नसती, तर ती आजीबरोबरच गेली असती. या वाचक बाईंना आज यमूच्या सासरच्या माणसांची नावे सांगता येत नाहीत. आजीचा वर झालेला हात मात्र त्या कादंबरीचेच एक पान होऊन बसला आहे.

कादंबरी स्मरणात राहते ती अनेकदा अशी, वाचणाऱ्याच्या घरातले काहीतरी स्वतःत ओढून घेऊन. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकाच्या बाबतीत हे अधिकच घडते. श्री. ना. पेंडशांच्या गारंबीतल्या पोफळी कोकणातल्या मुलाने दारातच पाहिलेल्या असतात. चिकपेटेतील मुलीने सुपारी पाहिली ती पेठेत, पोत्यांतून ओतलेली. त्या पोत्यांच्या वासावरून तिने अख्खी बाग उभी केली. पुढे कोकण पाहण्याचा योग आला, तेव्हा खरी बाग तिला जरा अपुरीच वाटली!

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चे तसेच झाले. 1955 साली पुस्तकरूपाने आलेली ही लहानशी कादंबरी शाळेच्या समारंभात विशेष आठवावी अशी आहे, कारण तिचा नायक एक तरुण शिक्षक आहे. औंध संस्थानातल्या माणदेशी धनगरांच्या वाडीत तो रुजू होतो, तेव्हा शाळेत मुले नसतात. पोरे मेंढरांमागे गेलेली असतात आणि ती शाळेत बसली तर मेंढरे कोणी राखायची, हा पालकांचा प्रश्न खोटा नसतो. मास्तर हळूहळू गावाचा होतो. गावाच्या श्रमातून तालीम उभी राहते. चिकपेटेतील वाचकाच्या मनात ही तालीम म्हणजे जवळच्याच गल्लीतली ‘गरडी’, लाल मातीची आणि तेलाच्या वासाची. शेकूचा एक बैल उरतो, तेव्हा त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतः औताला लागते. लेखक तेथे हळहळत नाही, जे दिसते ते सांगतो आणि पुढे जातो. म्हणूनच ते दृश्य वाचकाला सोडत नाही. हळहळण्याचे काम लेखकाने उरकून टाकले असते, तर वाचकासाठी काय उरले असते?

पुढे दुष्काळ पडतो. मेंढरे घेऊन माणसे जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते आणि मास्तरही निघतो. पहिल्या वाचनात, वयाच्या पंधराव्या वर्षी, हा शेवट या बाईंना कंटाळवाणा वाटला होता. पन्नाशीत पुन्हा वाचला, तेव्हा पेठेतील मराठी कुटुंबे एकामागून एक दूरच्या वसाहतींत राहायला गेली होती, नातवंडे इंग्रजी शाळेत होती आणि या शाळेच्या वर्गांतले बाक रिकामे होऊ लागले होते. कादंबरीतला एक शब्दही बदललेला नव्हता. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (1962) आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (1967) यांविषयी फार सांगायला नको. घरोघरी त्या वाचल्या गेल्या आणि त्यांवर डोळेही पुसले गेले. ‘स्वामी’बाबत येथील वाचकाचा एक अनुभव मात्र निराळा आहे. थोरल्या माधवरावांच्या स्वाऱ्या झाल्या त्या हैदर अलीविरुद्ध, याच मुलखात. शेजारच्या बाकावरच्या कन्नड मैत्रिणीच्या घरी ‘मराठ्यांची धाड’ हे शब्द भीतीचे होते. ज्याच्या मृत्यूने एका घरात डोळे पाणावले, त्याच्याच फौजेच्या वाटेतून दुसऱ्या घरातील पूर्वज पळाले होते. पंधरा वर्षांच्या मुलीने हे ऐकले, वाद घातला, रुसली आणि शेवटी दोन्ही गोष्टी मनात ठेवून ‘स्वामी’ पुन्हा वाचली. ती पहिल्याइतकीच आवडली, पण त्या आवडण्यात पूर्वीचे भाबडेपण उरले नव्हते.

या दोन भाषांमध्ये कादंबऱ्यांची ये-जा तशी जुनी आहे. हावेरीकडील गळगनाथ (1869-1942) यांनी आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या कन्नडमध्ये नेल्या. विजयनगरच्या पाडावावरील ‘वज्राघात’ त्यांच्या हातून ‘कन्नडिगर कर्मकथे’ झाली. कन्नडिगांचे दुःख मराठी लेखकाने लिहावे आणि ते पुन्हा कन्नडमध्ये जावे, यात कोणालाच वावगे वाटले नाही. उलट दिशेने एस. एल. भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’ आणि ‘पर्व’ या कादंबऱ्या उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणल्या. आमच्या या वाचक बाईंनी ‘पर्व’ दोन्ही भाषांत वाचली. कुंती कोणत्या भाषेत अधिक जवळची वाटली, या प्रश्नाला त्यांनी अजून उत्तर दिलेले नाही.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (1963) त्यांना प्रथम मुळीच आवडली नाही. पांडुरंग सांगवीकराचे बोलणे उद्धट वाटले आणि पुस्तक मिटले गेले. त्यांच्या धाकट्या भावाने ते हट्टाने पुन्हा हाती दिले. मनीच्या मृत्यूचा भाग आला, तेव्हा उद्धटपणामागे काय आहे ते कळले. आज तो भाऊ नाही आणि ‘कोसला’ची ती प्रत कपाटात वेगळी ठेवलेली असते. ती कोणालाही वाचायला मिळत नाही.

बाकीची सारी पुस्तके त्यांनी या वर्षी शाळेला दिली. पुठ्ठ्याची कव्हरे तशीच आहेत. दर शनिवारी शेवटच्या तासाला आठवीच्या वर्गात ‘बनगरवाडी’चे प्रकट वाचन सुरू झाले आहे. ‘चावडी’, ‘मेंढका’, ‘औत’ असे शब्द फळ्यावर लिहून घ्यावे लागतात आणि तासाला चार-पाच पानेच होतात. मुले मध्येच कन्नडमधून आपापसांत चर्चा करतात, करू द्यावी. मास्तर वाडीत पोहोचला आहे, शाळेत अद्याप मुले आलेली नाहीत, येथवर वाचन झाले आहे.

एका प्रतीवर वीस मुलांचे भागत नाही. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी ‘बनगरवाडी’ची जास्तीची प्रत असेल, त्यांनी ती ग्रंथालयात आणून द्यावी. पाने सुटलेली असली तरी चालतील, बांधणी शाळेत करून घेता येते.