सूर घरी परतत नाही तेव्हा

हातातलं काम चालू राहू द्या, फक्त रेडिओचा आवाज थोडा वाढवा. आज आम्ही तिघी जणी माइकसमोर बसलोय आणि भजनी मंडळाची पेटीही मागून आणलीय.

त्याचं असं झालं. दिवाळीच्या आधी आमच्या गटानं एक गाणं रचलं. ऊसतोडीला निघालेल्या बाईचं गाणं. घराला कुलूप, म्हातारी सासू मागं, लेकरू कडेवर. शब्द सगळ्यांना आवडले. पण जिच्याकडं बघून ते सुचलं ती आमची वहिनी ऐकून म्हणाली, "शब्दांत मी फडात आहे गं, पण चालीत मी केव्हाच घरी येऊन चहा पीत बसलेय."

आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. म्हणजे काय? ते कळायला आम्हाला बराच वेळ लागला, आणि उत्तर सापडलं ते अमेरिकेतल्या खेड्यांच्या गाण्यांत. तेच आज सांगायचंय.

अमेरिकेत कंट्री नावाचं संगीत आहे. शेतकरी, मजूर, ट्रकवाले, सोडून गेलेली माणसं, मागं राहिलेली घरं असे त्याचे विषय. आपल्या भजनात एकच चाल असते आणि पेटी त्याच चालीमागं जाते. तिकडं चालीखाली कॉर्ड धरतात. कॉर्ड म्हणजे तीन सूर एकाच वेळी दाबायचे. पांढरी एक सा धरा. आता सा, ग, प एकदम दाबा. ऐकलंत? हे झालं गाण्याचं घर. आता म, ध आणि वरचा सा. हे झालं अंगण, घराबाहेर पडलो पण लांब नाही. आता प, नि आणि वरचा रे. ही झाली वेस. इथं उभं राहिलं की घराकडं वळावंसं वाटतं.

घर, अंगण, वेस, पुन्हा घर. एवढ्या तीन कॉर्डवर शेकडो कंट्री गाणी उभी आहेत. दोन ओळी ऐकल्या की तिसरीला सूर कुठं जाणार हे कानाला आपोआप कळतं. पाटा-वरवंट्यावरचा हात जसा न बघता फिरतो, तसंच. आणि कानाला सवय लागली म्हणूनच गाणारा तिथं एखादी वेगळी जागा घेऊ शकतो.

एक करून बघा. म, ध, सा दाबा. आता मधला ध सोडा आणि त्याच्या डावीकडची काळी चार दाबा, म्हणजे कोमल ध. बाकी दोन बोटं तिथंच ठेवा. एकच बोट एक पट्टी सरकलं, पण उजेडावर ढग आल्यासारखं झालं ना? आता सा, ग, प वर या. तो कोमल ध हळूच प वर उतरला आणि पोटात हललं. बीटल्स या इंग्लंडच्या मंडळींनी 1965 साली 'इन माय लाइफ' नावाचं गाणं केलं. जुन्या जागा आणि गेलेली माणसं आठवण्याचं गाणं आहे ते. त्यात हीच जागा आहे. ओळ घरी येते, पण वाटेत एकदा डोळे भरून येते.

दुसरी रीत म्हणजे पट्टीच बदलायची. जॉनी कॅश या कंट्री गायकाचं 1956 सालचं 'आय वॉक द लाइन' ऐका. दर कडव्याला सा बदलतो. नवा सा सापडावा म्हणून तो कडव्याआधी नुसता हुंकार भरतो, आपण भजनाआधी सूर लावून बघतो तसा. शेवटचं कडवं पहिल्यापेक्षा पूर्ण एक सप्तक खाली गेलेलं असतं. आपण वाट सोडणार नाही असं गाणारा सांगतोय, आणि त्याच्या पायाखालची जमीन मात्र पुन्हा पुन्हा सरकतेय. म्हणून त्याचा निश्चय आपल्याला खरा वाटतो. सोपा असता तर त्यावर गाणं कशाला केलं असतं?

डॉली पार्टन हे नाव काही जणींनी ऐकलं असेल. टेनेसीच्या डोंगरातल्या गरीब घरातली, बारा भावंडांतली ती. ज्या टीव्ही कार्यक्रमानं तिला नाव दिलं तो सोडताना तिनं निरोपाचं एक गाणं लिहिलं, 'आय विल ऑलवेज लव्ह यू'. ते 1974 साली आलं. पुढं 1992 साली 'द बॉडीगार्ड' सिनेमासाठी व्हिटनी ह्यूस्टननं ते गायलं. तिच्या गाण्यात शेवटाकडं सगळं थांबतं. क्षणभर शांतता. मग ढोलाचा एकच ठोका, आणि तेच धृपद एक सूर वरच्या सा मधून येतं. शब्द तेच. पण आधी निरोप घेणारी बाई होती, आता तो निरोप सोसून उभी राहिलेली बाई आहे.

आणि आता आमच्या वहिनीचं उत्तर. जिमी वेब नावाचा गीतकार ओक्लाहोमाच्या माळावरून गाडीनं चालला होता. मैलोन्मैल तारांचे खांब, आणि एका खांबावर चढलेला एकटा लाइनमन. आपल्या गावात ज्याला वायरमन म्हणतो तसाच, फक्त टेलिफोनच्या तारांवरचा. त्यावरून त्यानं 'विचिटा लाइनमन' लिहिलं आणि 1968 साली ग्लेन कॅम्पबेलनं ते गायलं. कामावर अडकलेला, तारांच्या गुणगुणीत आपल्या माणसाचा आवाज ऐकणारा हा लाइनमन. गाणं एका सा वर उघडतं, पण कडवं सरकत सरकत दुसऱ्याच सा वर जाऊन थांबतं. पहिल्या सा वर ते पुन्हा नीट येऊन बसतच नाही. माणूस घरी गेलेला नाही, म्हणून सूरही घरी जात नाही. कडवी दोनच आहेत. वेबच्या मते गाणं अजून अर्धंच होतं. तिसऱ्या कडव्याच्या जागी खर्जातल्या गिटारची नुसती धून आहे. ऐकणाऱ्याला काही कमी वाटत नाही.

वहिनीला हेच म्हणायचं होतं! आमच्या गाण्यातली बाई फडात होती आणि आमची दर ओळ मात्र सा, ग, प वर येऊन पाय पसरून बसत होती.

मग दर ओळीला धक्के द्यावेत का? आम्ही तेही करून बघितलं. सगळ्या गाण्यात काळ्या पट्ट्या पेरल्या. ऐकून सासूबाई म्हणाल्या, "पेटी बिघडली का गं?" त्यांचं खरं होतं. जर्मनीतल्या लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी 745 लोकप्रिय अमेरिकी गाण्यांतल्या 80,000 कॉर्ड तपासल्या आणि त्यांतल्या काही गाण्यांच्या कॉर्ड लोकांना ऐकवल्या. 2019 साली त्यांनी मांडलं ते असं: पुढं काय येणार याची कानाला खात्री असते तेव्हा वेगळी कॉर्ड आली की आनंद होतो. आणि काय येणार हेच कळत नसतं, तेव्हा ओळखीची कॉर्ड आली की बरं वाटतं. म्हणजे आधी वाट मळलेली हवी, मगच वळण गोड लागतं.

म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पहिल्या दोन ओळी साध्याच ठेवायच्या. वेगळी जागा एकदाच घ्यायची, आणि शब्दांत जिथं काही तुटतं तिथंच. आमच्या गाण्यात ती जागा म्हणजे ट्रक हलतो आणि लेकरू मागं वळून बघतं ती ओळ. तिथं कोमल ध घेतला. आणि तिसरी गोष्ट, शेवटची ओळ घरी आणायची नाही. ती प, नि, रे वर सोडायची, वेशीवर.

तोवर वहिनीची टोळी निघून गेली होती. एका रात्री आम्ही फोनवरून तिला गाणं ऐकवलं. मागं बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. शेवटची ओळ वेशीवर थांबली आणि पलीकडं कुणी काही बोललं नाही. आम्हाला वाटलं, रेंज गेली. मग ती म्हणाली, "थांबलात का? अजून आहे ना पुढं?"

आम्ही म्हटलं, "आहे. तू आलीस की म्हणू."

मैत्रिणींनो, तुमच्या गटाचंही एखादं गाणं असेल. ते पेटीवर धरा. शब्दांतली बाई कुठं आहे ते बघा, आणि सूर तिच्याजवळ आहे का तेही बघा. नसेल तर एकच बोट एक पट्टी सरकवून ऐका. गाणं जमलं की आपल्या केंद्रावर या, आपण ते सगळ्यांना ऐकवू. आता पेटी परत द्यायची वेळ झाली, संध्याकाळी मंडळाचं भजन आहे. नमस्कार.