चित्रकथेतील लेखकाचा वाटा

चित्रकथा वाचणाऱ्याच्या ध्यानात राहतो तो चित्रकार. मिशा, नाक, सुटलेले पोट ही डोळ्यांत भरतात. प्रसंग कोणी रचला, संवाद कोणी लिहिले, हे पुस्तक मिटल्यावर सहसा कोणी विचारीत नाही. रने गोसिनी या फ्रेंच लेखकाला ही उपेक्षा पुरती परिचयाची होती. १९५६ साली लेखक-चित्रकारांच्या हक्कांसाठी खटपट केल्यामुळे त्याला नोकरी गमवावी लागली. पुढे १९५९ मध्ये ‘पिलोत’ हे साप्ताहिक निघाले आणि त्याच्या पहिल्याच अंकात चित्रकार आल्बेर युदेर्झो याच्या साथीने त्याने अ‍ॅस्टरिक्सला जन्म दिला. इसवी सनापूर्वी ५० साली सीझरने सारा गॉल देश जिंकलेला. एक खेडे मात्र जादूच्या काढ्याच्या बळावर ताठ उभे. एवढ्या भांडवलावर गोसिनीने २४ पुस्तके लिहिली.

त्यांत श्रेष्ठ कोणते, हा वाद रसिकांत अखंड चालतो. ‘अ‍ॅस्टरिक्स आणि क्लिओपात्रा’चे चाहते पुष्कळ. तीन महिन्यांत राजवाडा उभारण्याची ती पैज मोठी बहारीची आहे, यात शंका नाही. परंतु तेथे डोळ्यांचे पारणे फेडतो तो युदेर्झो. लेखकाची प्रतवारी लावायची तर कसोटी निराळी हवी. चित्रे झाकली, तरी हाती काय उरते?

या कसोटीवर पहिला मान १९७० च्या भांडणाच्या कथेला द्यावा लागतो. इंग्रजीत ती ‘रोमन एजंट’ या अर्थाच्या नावाने पोहोचली. सैन्याने जे खेडे पडत नाही, ते फोडण्यासाठी सीझर एका किरकोळ देहाच्या माणसाला पाठवतो. हा जाईल तेथे कलह माजतो. सिंहांपुढे टाकला, तर सिंहच एकमेकांना खाऊन मोकळे झाले! खेड्यात येऊन तो करतो काय, तर गावातील सर्वांत मोठा माणूस म्हणून अ‍ॅस्टरिक्सला एक किमती कलश भेट देतो. बस्स. गावच्या नायकाच्या मनात सल रुततो, बायकांत कुजबुज सुरू होते, काढ्याचे गुपित अ‍ॅस्टरिक्सने रोमनांना विकले अशी आवई उठते. या विषाने ग्रासलेल्यांच्या बोलण्याचे फुगे हिरवे रंगवले आहेत. शेवटी अ‍ॅस्टरिक्स त्याच डावाने त्याला चीत करतो. सबंध कथेचे शस्त्र एकच, बोललेला शब्द. आणि तो लेखकाचा प्रांत. आपल्याकडील भाऊबंदकी पाहिलेल्या वाचकाला तिचे भाष्य निराळे सांगावे लागत नाही.

दुसरा क्रमांक १९७१ च्या ‘देवांची वसाहत’ या कथेचा. अरण्य तोडून तेथे रोमन कुटुंबांसाठी इमारती उभ्या राहतात, गिऱ्हाईक पाहून गावकरी आपापले धंदे सोडतात आणि मासळी व जुनी हत्यारे विकू लागतात. ज्याचे गाणे गावाला कधी सोसवले नाही, त्या भाटालाच भाडेकरू म्हणून तेथे घुसवण्याची युक्ती तर अफलातून आहे. १९७६ ची ‘ऑबेलिक्स आणि कंपनी’ तिच्या पाठोपाठ. पाषाणस्तंभांचा भाव चढवून गाव लोभाने पोखरायचे, हा बेत, आणि अखेर खजिना रिता होतो तो सीझरचाच. अर्थशास्त्राची इतकी मिस्कील शिकवणी विरळाच. मात्र उत्तरार्धात विनोद थोडा पातळ होतो. बगदादच्या खलिफाची गादी बळकावू पाहणारा इझ्नोगूद गमतीचा खरा, पण एकाच खेळाची ती आवर्तने असल्याने तो बराच खाली येतो.

बेल्जियमच्या सफरीची कथा मात्र कोणत्याच क्रमात बसत नाही. गोसिनीने ती लिहून संपवली होती, चित्रे अपुरी होती. ५ नोव्हेंबर १९७७ रोजी हृदयाची तपासणी चालू असतानाच वयाच्या ५१ व्या वर्षी त्याचे निधन झाले. युदेर्झोने राहिलेली पाने पूर्ण केली आणि १९७९ मध्ये पुस्तक निघाले. मित्राच्या मृत्यूनंतर काढलेल्या त्या पानांवर आकाश काळवंडलेले आहे, आणि पाऊस पडतो आहे.