‘आवडणे’ आणि ‘इन्टू’



कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग पाहत वाढलेले मूल घरी म्हणते, ‘मले संत्रं भल्लं आवडते.’ येथे क्रियापद संत्र्याप्रमाणे चालते. आवड ज्याची, तो चतुर्थीत असतो. इंग्रजीत ‘आय लाइक’ म्हणताना माणूसच कर्ता होतो. म्हणून मूल ‘मी लाइक ऑरेंज’ बोलले, तर ते घरच्या व्याकरणाला धरूनच बोलले, असे समजावे. (इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’; गोंधळात ही आणखी भर!) त्याच्या ‘मले’स हसणे तर सर्वथा गैर होय. एकदा मिटलेले तोंड पुढे लवकर उघडत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीत आले. मुलांच्या कानी आता ‘ही इज इन्टू क्रिकेट’ असेही पडते. गुणाकाराचा ‘इन्टू’ ठाऊक असलेले मूल येथे साहजिकच गोंधळते. ‘इन्टू’ म्हणजे मुळात ‘आत’. क्रिकेटच्या आत शिरलेला, म्हणजेच त्यात रमलेला. आपणही ‘भजनात रंगला’ म्हणतोच की!

हा प्रयोग बोलण्यातला आहे. अर्जात ‘फाँड ऑफ’ लिहावे. तो टिकाऊ छंदास शोभतो. हातातल्या एका संत्र्यास ‘लाइक’च हवे. पुढे क्रियापद आल्यास ‘इन्टू प्लेइंग कॅरम’ असे रूप होते.

वर्गात प्रत्येक मुलास आपला छंद प्रथम स्वतःच्या बोलीत सांगू द्यावा. ते वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहावे आणि त्याखाली इंग्रजी वाक्य मुलाकडूनच जुळवून घ्यावे.