परवलीचा शब्द आणि कोठीची किल्ली

बँक, रुग्णालय, शाळा, रेल्वेचें तिकीटघर, या सर्वांचीं दप्तरें आतां कागदावरून उठून संगणकांत गेलीं आहेत. अशा व्यवस्थित लावलेल्या दप्तरास डेटाबेस म्हणतात. दप्तर कपाटांत होतें तेव्हां एक कुलूप व एक कारकून एवढ्यावर त्याची राखण होत असे. आतां तें काम संगणकाची आज्ञावली करिते. आणि ती जेव्हां ‘प्रवेश नाकारला’ एवढेंच बोलून गप्प बसते, तेव्हां भलेभले गोंधळून जातात. हा नकार कोठून आला हें ओळखावें कसें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

जुन्या वाड्याची रचना डोळ्यांपुढें आणिली म्हणजे हा विषय सोपा होतो. पाहुणा प्रथम वाड्यापर्यंत पोंचला पाहिजे. मग देवडीवरील पहारेकरी विचारतो, “कोण आपण? कोठून आलांत?” त्यानें आंत सोडलें तरी कोठीघराची किल्ली हातीं पडतेच असें नाहीं. रस्ता, देवडी आणि कोठी या तीन ठिकाणीं अडवणूक होऊं शकते, आणि तिन्हींचा उपाय निराळा आहे.

मायएसक्यूएल या प्रसिद्ध डेटाबेसमध्यें नकाराबरोबर एक क्रमांक येतो. २००३ हा क्रमांक आला तर रस्ताच सांपडलेला नाहीं: सर्व्हर बंद असेल, पत्ता चुकला असेल किंवा वाटेंत फायरवॉल आडवी आली असेल. तेथें परवलीचा शब्द दहा वेळां बदलून कांहींच साधत नाहीं. १०४५ आला तर देवडीवर अडलें. १०४४ म्हणजे देवडी ओलांडली, पण त्या डेटाबेसवर अधिकार नाहीं. ११४२ म्हणजे एखाद्या विशिष्ट तक्त्यावर तें काम करण्याची मुभा नाहीं.

यांपैकीं १०४५ चा संदेश लक्षपूर्वक वाचण्याजोगा असतो. कोणतें नांव सांगितलें गेलें, तो कोठून आला, आणि परवलीचा शब्द दिला होता कीं नाहीं, या तिन्ही गोष्टी त्यांत असतात. शब्द दिलाच नव्हता असें लिहिलें असेल, तर दोष शब्दाचा नसून तो न पाठविणाऱ्या आज्ञावलीचा आहे.

खरी मेख पुढेंच आहे. मायएसक्यूएलमध्यें नुसत्या नांवानें खातें होत नाहीं. नांव आणि ठिकाण मिळून एक खातें होतें. समजा, एका शाळेच्या कचेरींतील लेखनिक बाई सर्व्हरच्याच यंत्रावर बसून गुणपत्रकें काढतात. पण शेजारच्या खोलींतील यंत्रावरून त्याच नांवानें, त्याच शब्दानें त्यांस प्रवेश मिळत नाहीं. त्यांचें खातें ‘लोकलहोस्ट’पुरतें, म्हणजे सर्व्हरच्या यंत्रापुरतेंच, उघडलेलें असतें. याच्या उलट प्रकारही घडतो. जुन्या आवृत्त्यांत ‘लोकलहोस्ट’वर एक बिननांवाचें खातें आपोआप तयार होई. जें ठिकाण अधिक नेमकें तें सर्व्हर आधीं पाहतो. त्यामुळें ‘कोठूनही’ येण्याची मुभा असलेल्या माणसाची गांठ त्या अनामिक खात्याशीं पडे आणि त्याचा बरोबर शब्दही चुकीचा ठरे.

पोस्टग्रेसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा पहारेकरी नियमांची यादी घेऊन बसतो. आलेल्यास लागू पडणारी पहिली ओळ हीच अखेरची. तिच्यानुसार ओळख पटली नाहीं, तर खालच्या ओळी तो पाहत नाहीं. शिवाय नांवच अस्तित्वांत नाहीं कीं शब्द चुकला, हें तो बाहेरच्या माणसास सांगत नाहीं. कारण कोणतीं नांवें खरीं आहेत हें चोरास कळूं नये. खरें कारण सर्व्हरच्या रोजनाम्यांत लिहिलेलें असतें, व शोध तेथेंच घ्यावा. आंत गेल्यावरही दालनाचा आणि कपाटाचा, म्हणजे स्कीमाचा आणि तक्त्याचा, असे दोन्ही अधिकार लागतात. आज असलेल्या सर्व तक्त्यांवर दिलेला अधिकार उद्यां होणाऱ्या तक्त्यास आपोआप लागू होत नाहीं.

काम अडलें, माणसें खोळंबलीं, म्हणजे सर्वाधिकार देऊन मोकळें होण्याचा मोह फार होतो. काम तत्काळ चालूं होतें, म्हणूनच हा उपाय घातक आहे. ज्यास केवळ अहवाल वाचावयाचा आहे, त्याच्या हातीं सारें दप्तर पुसून टाकण्याची शक्ति जाते. आणि त्याचा शब्द चोरीस गेला तर ती चोराच्याही हातीं जाते. सॉल्त्झर व श्रोडर या अमेरिकन संशोधकांनीं १९७५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हें तत्त्व मांडलें आहे: कामास लागेल तेवढाच अधिकार असावा, अधिक नसावा. अनेकांनीं मुख्य व्यवस्थापकाचें एकच खातें वापरणें हाही तसाच दोष. मग खाडाखोड कोणी केली हें रोजनामाही सांगूं शकत नाहीं.

यास्तव शहाणा व्यवस्थापक प्रथम क्रमांक वाचतो, मग दिलेल्या अधिकारांची यादी ‘शो ग्रँट्स’ या आज्ञेनें पाहतो, उणा असलेला एकच अधिकार देतो आणि त्या माणसाच्याच खात्यांतून, त्याच्याच यंत्रावरून काम करून पाहतो. यास थोडा वेळ लागतो खरा. परंतु दप्तरांतील रोग्याची प्रकृति, विद्यार्थ्याचे गुण आणि ठेवीदाराची पुंजी त्याच्या मालकीचीं नसतात. तीं त्याच्याजवळ विश्वासानें ठेवलेलीं असतात.